एकवीस दिवसांचं कडू पाणी

आबा ड्रायव्हरचा हात हातात घ्यायचे तेव्हा बघणाऱ्याला वाटायचं, नाडी बघताहेत. अंगठा मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, ओठ मोजल्यासारखे हलत असलेले. मग मोजता मोजता मान खाली जायची, हात थोडा वर यायचा आणि क्षणभर त्या माणसाची बोटं आबांच्या नाकाखाली असायची. नाडी हे निमित्त होतं. आबा बोटांचा वास घेत. ड्रायव्हरांना हे कधी कळलं नाही, मला कळायला दोन महिने लागले. मी विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "मी बठ्ठं देखेल शे, ताई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळं बघून झालंय माझं. कुणी काही समजावायला लागला, शपथ घ्यायला लागला, देवाला मधे आणायला लागला, की आबा हे वाक्य टाकायचे आणि पुढच्या माणसाला बोलवायचे.

तुमच्याही कचेरीत असा एक माणूस असेल. कुणावर विश्वास न ठेवण्याचाच त्याला पगार मिळत असतो. आमच्या यार्डात असे दोघं होते, एक आबा आणि दुसरी मी. फरक इतकाच की आबा ड्रायव्हरांवर लक्ष ठेवायचे आणि मी आबांवर.

जळगावच्या बाहेर, केळीच्या बागांना लागून आमचं टँकरचं यार्ड आहे. मी मूळची धुळ्याची, लग्न होऊन जळगावात आले आणि या यार्डात सुरक्षा विभागाची कागदपत्रं सांभाळायला लागले. पेट घेणारा माल वाहण्याचं मोठं कंत्राट आम्हाला मिळालं, आणि त्या कंत्राटात एक कलम आलं. गाडीवर असलेल्या ड्रायव्हरांची लघवी दर सोमवारी तपासायची. सगळ्यांची नाही, संगणक पाच नावं काढेल त्यांची. गांजा निघाला तर नाव कंत्राट देणाऱ्या वरच्या कंपनीकडे जाणार, आणि मग तो माणूस त्यांच्या कुठल्याच डेपोत गाडी घेऊन शिरू शकणार नाही. माफी नाही, दुसरी संधी नाही.

ही बातमी यार्डात आली त्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणी मोठ्याने बोललं नाही. इंदूर, मुंबई, सुरत असे फेरे मारणारी माणसं. दारूला सगळेच घाबरतात, तिचा वास येतो. चिलमीचं तसं नव्हतं. ढाब्यामागे दोन दम मारले की पाठ सैल होते, झोप लागते, एवढाच त्यांचा हिशेब. ती चिलीम आठवड्यांनंतर बाटलीतून बोलेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता नमुना घ्यायला माणूस हवा. तरुण मुलं दोन दिवसांत पळाली, त्यांना लाज वाटायची. मग साहेबांनी अमळनेरकडच्या एका गावातून आबांना आणलं. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म काढलेला. उंच, वाळलेले, पांढरा पायजमा आणि लांब बाह्यांचा पांढरा सदरा. भर मे महिन्यातही बाह्या मनगटापर्यंत बंद. तपासणीच्या खोलीला लागून त्यांना राहायला एक खोली दिली होती.

आल्या आल्या त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? बाजारातून निळीची बाटली आणून संडासाच्या टाकीत ओतली. नळ बंद करून त्याची चावी स्वतःच्या करगोट्याला बांधली. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, पाणी मिसळलं की निळं दिसेल. आम्ही घरी ज्या निळीत नवऱ्याचे सदरे बुचकळतो तिचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि खरंच पहिल्या सोमवारी एक बाटली निळसर निघाली. तो ड्रायव्हर म्हणाला, मला मूतखडा आहे, माझी तशीच होते. आबांनी बाटली उजेडात धरली, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला निळ्या लघवीचा जगातला पहिला पेशंट म्हणून दवाखान्यात पाठवायची तयारी दाखवली. तो हसायला लागला. मग आबाही किंचित हसले, पण बाटली फेकून दुसरी भरायला लावलीच.

किती प्रकार सांगू? एकाने काखेत प्लास्टिकची पिशवी दाबून आणली होती. बायकोला काही सांगून तिच्याच भावाची घेतलेली. आबांनी बाटली हाताच्या पालथ्या बाजूला लावली आणि म्हणाले, ही थंड आहे, जिवंत माणसाची इतकी थंड नसते. एकाने बिनदुधाचा चहा भरून दिला. त्याला आबांनी विचारलं, साखर कमी का टाकली? एक बिचारा सरळ होता, पण कुणी मागे उभं असलं की त्याला होतच नसे. तो हात जोडून म्हणाला, आबा, सोनगीरच्या ढाब्यावरच जाऊन आलो, आता कुठून आणू. आबांनी त्याला तीन गिलास पाणी पाजलं, टँकरला पाच फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून त्याच्या गावच्या पाटचाऱ्यांची चौकशी करत बसले. वीस मिनिटांनी बाटली भरली. तेवढ्या वेळात आबांना त्याच्या गावातल्या प्रत्येक विहिरीला किती पाणी आहे ते कळलं होतं.

माझ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. बाटलीला सील लावल्यावर मी नुसता हात पुढे केला तरी ते आधी सही मागत. एकदा मी चिडले. म्हटलं, आबा, मी काय बाटली बदलणार आहे का? ते शांतपणे म्हणाले, "तुमनावरबी भरोसा नई, ताई. राग मानू नका."

मी राग मानला. चांगला चार दिवस मानला. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून माझीही नजर त्यांच्यावर बसली. संशयी माणसाला दुसऱ्या संशयी माणसाचा फार संशय येतो. हा कोण एवढा चोख लागून गेला, असं मनात यायचं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की मी भाजीवालीच्या तराजूखालीसुद्धा वाकून बघते. बघते. त्यात चूक काय?

तर, बघायला लागल्यावर मला एक गोष्ट दिसली.

रोज सकाळी गाडी सुटण्याआधी आबा प्रत्येक ड्रायव्हरचं तापमान, नाडी आणि रक्तदाब वहीत लिहीत. ज्याचं काही बिघडलेलं त्याला त्या दिवशी गाडी मिळायची नाही, यार्डातच काम मिळायचं. टायर बघ, टाकी धू, कागद पोचव. पगार चालू राहायचा. आता त्या वहीत दर महिन्याला दोघा-तिघांपुढे आबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असे, "रक्तदाब जास्त. गाडी देऊ नये." एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सलग तीन आठवडे. मग एके सकाळी रक्तदाब आपोआप उतरायचा आणि तो माणूस पुन्हा गाडीवर चढायचा.

आणि संगणक नावं काढायचा ती फक्त गाडीवर असलेल्यांची.

मी जुन्या वह्या काढल्या. आबा आल्यापासून सात महिन्यांत आमच्या यार्डात एकही माणूस सापडला नव्हता. वरच्या कंपनीने आमचं कौतुक करणारं पत्र पाठवलं होतं, ते साहेबांनी चौकटीत बसवून भिंतीला लावलं होतं. ते पत्र दिसलं की मी मनात पुन्हा मोजायला लागायचे. साठ ड्रायव्हर आणि एकही नाही?

त्यातच मला डाग दिसायला लागले. केळीच्या मुलखात राहणाऱ्याला चिकाचा डाग सांगावा लागत नाही. केळीचा खांब कापला की पाण्यासारखा चीक गळतो, कपड्यावर पडला तेव्हा काहीच दिसत नाही, आणि वाळला की काळपट तपकिरी होऊन बसतो. मग साबण लावा, लिंबू लावा, तो सदरा फाटेपर्यंत तसाच राहतो. बागेत राबणाऱ्यांच्या अंगावर तो असतोच. पण टँकरच्या ड्रायव्हरच्या बाहीवर? आणि नेमका त्याच ड्रायव्हरच्या, ज्याचा रक्तदाब वहीत वाढलेला?

टपरीवर कान दिला तेव्हा उलगडा झाला. केळीच्या खांबाचा रस मूतखड्याला देतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ड्रायव्हरांनी त्याला पुढे ओढलं होतं. खडा धुऊन निघतो तर गांजा का नाही निघणार? तो रस प्यायला की बाटली साफ येते, अशी यार्डात पक्की समजूत होती. मला हसू आलं. मग दुपारी आबांनी वहीत सही करायला बाही सावरली, आणि त्या पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला मला तोच तपकिरी डाग दिसला. त्यानंतर मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी यार्डात पोचले. नवऱ्याला सांगितलं की तपासणीचं काम आहे, आणि ते खोटंही नव्हतं. मागच्या भिंतीला एक छोटं दार आहे, पलीकडे केळीची बाग. घड उतरवून झालेले खांब तिथे आडवे पडलेले असतात, ते कुणी नेले तरी शेतकरी काही म्हणत नाही. दाराच्या फटीतून मी पाहिलं. जुन्या टायरांवर तीन ड्रायव्हर बसले होते. आबा उकिडवे बसून खांबाचा गाभा खलबत्त्यात कुटत होते, वरून कडुनिंबाचा पाला टाकत होते, आणि मग ते सगळं धोतराच्या फडक्यातून पिळून तीन गिलासांत भरत होते. तिघांनी नाकं मुरडत गिलास रिकामे केले. आबांनी एकेकाचा हात हातात घेतला आणि वास घेतला.

मी फोन काढला आणि फोटो घेतला.

त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं, हे इथे कबूल करते. माझ्यावर भरोसा नव्हता ना? आता बघा, असं मनात आलं. धरणारा माणूसच सुटायची युक्ती शिकवतोय, आणि वर माझ्याकडे सही मागतोय. दहा वाजता साहेब आले, सव्वादहाला फोटो त्यांच्या टेबलावर होता. वह्यांवर मी पेन्सिलीने खुणासुद्धा करून ठेवल्या होत्या. साहेबांचा चेहरा पडला. त्याच आठवड्यात वरच्या कंपनीचा माणूस पाहणीला यायचा होता, त्यामुळे झाकून ठेवायची सोय नव्हती.

आबांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं आणि बाहेर निम्मं यार्ड जमलं होतं, ते तिघंही त्यात होते. साहेबांनी विचारलं, हा रस कशाला देता? याने गांजा धुऊन निघतो का? आबांनी एकदा दाराकडे पाहिलं, बाहेरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, आणि गप्प राहिले. साहेब वैतागून म्हणाले, आबा, काहीतरी बोला, नाहीतर मला तुम्हाला काढावं लागेल. आबा म्हणाले, "मंग काढा, साहेब."

एवढंच. ज्या माणसाकडे प्रत्येक ड्रायव्हरच्या प्रत्येक सबबीला उत्तर होतं, त्याच्याकडे स्वतःसाठी एक वाक्य नव्हतं. मी तर याला सरळ कबुलीच धरलं. त्यांनी करगोट्याची चावी सोडून माझ्यापुढे ठेवली, कपाटातली सिलं माझ्याकडून मोजून घेतली आणि सही मागितली. दुपारच्या एसटीने ते गावी गेले. त्यांना सोडायला स्टँडवर कोणकोण गेलं ते मला माहीत नाही, मी गेले नव्हते.

दोन दिवसांनी वरच्या कंपनीचा माणूस आला. त्याने फोटोतल्या तिघांची तपासणी सगळ्यात आधी मागितली. रक्तदाबाचं कारण ऐकून घ्यायला तो तयार नव्हता. पट्टी कशी वाचायची हे एव्हाना मलाही येत होतं. दोन रेघा उमटल्या तर माणूस सुटला, एकच उमटली तर अडकला. पहिल्याच्या दोन उमटल्या. दुसऱ्याच्याही दोन उमटल्या, दुसरी जरा फिकी होती पण होती. तिसरा वाल्मीक, रावेरकडचा, आमच्याकडचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. नऊ वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. त्याची एकच रेघ उमटली. आम्ही पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो, दुसरी आली नाही. पुढे मोठ्या प्रयोगशाळेचा कागदही तसाच आला. वाल्मीकचं नाव गेलं.

तपासणीच्याच दिवशी, आवरून निघताना तो माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं, भांडेल. मी खुर्ची थोडी मागेही सरकवली. त्याने ओळखपत्र ठेवलं आणि उभाच राहिला.

"ताई, म्या चौदा दिवस हात लावेल नाही," तो म्हणाला. "आबानं सांगेल व्हतं, रस चालू असताना एक दम जरी मारला तं आतडं जळून जाईन. एकवीस दिवस पाळजो. म्या पाळत व्हतो, ताई."

मी विचारलं, आणि बाकीचे दोघं? तो म्हणाला, एकाचे एकवीस कालच पुरे झाले, दुसऱ्याचा आज विसावा.

तो गेल्यावर मी तपासणीच्या पट्ट्यांच्या खोक्यातला कागद काढला. सात महिने ते खोकं माझ्या ताब्यात होतं आणि तो बारीक अक्षरांचा कागद मी एकदाही उघडला नव्हता. त्यात लिहिलं होतं, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत हे द्रव्य काही आठवडे राहू शकतं. ते काढायचा उपाय काहीच लिहिला नव्हता. उपाय एकच, ओढायचं नाही आणि दिवस जाऊ द्यायचे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रसात काही नव्हतं. ते आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सोड म्हटल्याने कुणी सोडत नाही, पण पाणी पी म्हटलं, कडू करून दिलं, रोज सहाला समोर बसवलं आणि मधे दम मारलास तर आतडं जळेल म्हणून भीती घातली, की माणूस तीन आठवडे पाळतो. तेवढ्यात अंगातलं आपोआप निघून जातं. आणि बोटांना गांजाचा वास आला की आबा तोवर त्याला गाडीवर चढू देत नव्हते, रक्तदाब वाढवून यार्डात ठेवत होते. गांजाच्या अमलात एकही टँकर त्यांनी रस्त्यावर जाऊ दिला नाही, आणि एकाही घराची चूल विझू दिली नाही. भिंतीवरचं ते चौकटीतलं पत्र खरं होतं.

केबिनमध्ये ते गप्प का बसले तेही कळलं. बाहेर ते तिघं उभे होते. रसाने काही होत नाही, एवढं आबा मोठ्याने म्हणाले असते तर त्यांची नोकरी वाचली असती. पण मग उद्यापासून त्या गिलासावर कुणी विश्वास ठेवला नसता. आपण घेतलेला तो फोटो मी तेव्हा पुन्हा उघडून पाहिला. तिघांची तोंडं वाकडी झालेली आणि आबा फडकं पिळताहेत. मला रडू आलं. कचेरीत रडायची माझी ती पहिलीच वेळ.

साहेबांना मी बंद दाराआड सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता काय उपयोग, हे वर कसं सांगणार? डॉक्टर नसताना रक्तदाब खोटा लिहिला हे तर खरंच आहे ना. खरंच होतं. मीच खुणा करून दिल्या होत्या.

रविवारी मी अमळनेरची बस धरली, तिथलं आटपून पुढे धुळ्याला माहेरी जायचं ठरवून. तिथून रिक्षाने त्यांच्या गावी. अंगणात आबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, शेजारी त्यांची अक्का, म्हणजे थोरली बहीण. दोघांशिवाय त्या घरात कुणी नव्हतं. मला पाहून अक्कांनी पाणी दिलं. आबांनी ओळखीचं हसू दिलं नाही, पण सूप माझ्याकडे सरकवलं. मीही सोलायला लागले.

वाटेत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. तिथे काहीच धड आलं नाही. चुकले म्हटलं. कागद वाचला म्हटलं. मला तुमचा संशय आला, आणि मला तुमच्यावर राग होता म्हणून तो जास्तच आला, हेही सांगितलं. आबा ऐकत होते. त्यांना माझ्या माफीत फारसा रस दिसला नाही. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"त्यासले सांगं का तुम्ही? रसमा काही नई म्हनीसन?"

नाही, मी म्हटलं, ड्रायव्हरांना कुणालाच सांगितलं नाही. फक्त साहेबांना. त्यांनी हातातली शेंग ठेवली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"सांगू नका. ज्यासनं चालू शे त्यासनं बुडी जाई."

ज्यांचे दिवस चालू आहेत त्यांचं बुडू नये, एवढीच त्यांना काळजी होती. मग त्यांनी वाल्मीकबद्दल विचारलं. तो कुठे आहे, काय करतोय, कुणाबरोबर असतो. रावेरला केळीच्या गाड्या भरायला जातो असं मी ऐकलं होतं, तेवढं सांगितलं. आबांनी बोटांवर मोजलं. तपासणीच्या दिवशी चौदा, म्हणजे आज सतरावा. मी म्हटलं, आता काय, त्याची गाडी तर गेली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेडं बोलले होते. गाडी गेली म्हणून चौदा दिवस कशाला वाया घालवायचे? एकटा पडला, हमालीने पाठ मोडली, की तो आज नाहीतर उद्या चिलमीकडे वळणार. ओढलं नसेल तर चारच दिवस राहिलेत. ओढलं असेल तर पुन्हा एकपासून धरू. ते उठून आत गेले आणि पिशवी भरायला लागले. अक्कांनी भाकऱ्या बांधायला घेतल्या.

पुढचं आधीच सांगून टाकते. वाल्मीकला गाडी परत मिळाली नाही. एकवीस दिवस झाल्यावर त्याने रावेरला स्वतःच्या खर्चाने तपासणी केली, साफ आलेला कागद मला पाठवला, मी तो साहेबांना दिला, साहेबांनी वर पाठवला, आणि वरून काहीच आलं नाही. यादीतून नाव काढायची तिथे पद्धतच नाही म्हणतात. आता तो एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवतो. आबा मला पुन्हा भेटले नाहीत. ते महिनाभर त्याच्याकडे राहिले असं कळलं, नंतर गावी परतले, आणि मागच्या हिवाळ्यात गेले. मला बातमी तेराव्यानंतर लागली. यार्डात अजून कुणी कुणी विचारतं, आबा तो रस नेमका कसा करायचे. कडुनिंब टाकायचे, एवढं मी सांगते.

त्या रविवारी मात्र मी त्यांच्याबरोबर अमळनेर स्टेशनपर्यंत गेले. भुसावळला गाडी बदलून रावेर. तिकीट त्यांनी मला काढू दिलं नाही. फलाटावर ऊन होतं, आम्ही नळाजवळच्या बाकावर बसलो. पिशवीतून खलबत्त्याचा दांडा बाहेर आला होता. माझ्या मनात सारखं एकच येत होतं, ते शेवटी मी बोलून टाकलं. म्हटलं, आबा, मीही येते. वाल्मीकभाऊची माफी मागते. चार दिवस रजा टाकते, सकाळी तुमच्याबरोबर बसते.

गाडीचा भोंगा लांबून ऐकू आला, तसे ते उठले आणि पिशवी खांद्याला लावली. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुम्ही नका येऊ, ताई," ते म्हणाले. "तुमले देखं का तो पयी जाई."

मला पाहिलं की तो पळून जाईल, या सांगण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. रोजच्या वहीत रक्तदाब लिहावा तसं त्यांनी ते सांगितलं. मी बरं म्हटलं आणि गर्दीत त्यांना दारापर्यंत जागा करून दिली. ते आत गेले, खिडकीशी बसले, आणि पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत राहिले. गाडी भुसावळकडे निघून गेली. मी धुळ्याच्या माहेरी फोन केला, येत नाही म्हणून सांगितलं, आणि जळगावच्या बसची चौकशी करायला बाहेर आले.